चिन्हमालेची लांबी, सी संगणक भाषेतील

संगणकाच्या स्मृतीत एकापुढे एक साठविलेली अक्षरे, अंक, विरामचिन्हे इत्यादींच्या क्रमबद्ध ओळीस चिन्हमाला म्हणतात. संगणक व्यवसायात तिला स्ट्रिंग हेच नाव रूढ आहे. तिच्यातील चिन्हांची संख्या म्हणजे तिची लांबी होय. सी या संगणक भाषेत ही लांबी कोठेही नोंदवून ठेवलेली नसते. मालेच्या शेवटी शून्य मूल्याचा एक बाइट ठेवलेला असतो आणि लांबी हवी असेल त्या प्रत्येक वेळी आरंभापासून त्या शून्यापर्यंत एकेक बाइट मोजीत जावे लागते. १९७० च्या आसपास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घेतला गेलेला हा निर्णय वरवर पाहता अगदी किरकोळ वाटतो. तथापि युनिक्स व तिच्या वळणाच्या परिचालन प्रणाली, जाळ्यांतील दळणवळणाच्या आज्ञावल्या आणि अन्य भाषांची अनुवादक साधने यांतील फार मोठा भाग सी भाषेत लिहिला गेल्यामुळे आज्ञावल्यांचा वेग, त्यांची सुरक्षितता आणि इंग्रजीखेरीज अन्य भाषांतील मजकुराची हाताळणी या तिन्हींवर त्याचे दूरगामी परिणाम झाले.

पुणे हे नाव रोमन लिपीत लिहिल्यास त्यात चार अक्षरे येतात. पहिले अक्षर मोठे व बाकीची लहान घेतल्यास आस्की संकेतावलीप्रमाणे स्मृतीतील लागोपाठच्या बाइटांत ८०, ११७, ११० व १०१ या संख्या साठविल्या जातात आणि त्यांच्या पाठोपाठ ० ही संख्या येते. म्हणजे चार अक्षरांच्या मालेस पाच बाइट जागा लागते. हा शून्य बाइट म्हणजे छापील ० हा अंक नव्हे. त्या अंकाचा आस्की संकेत ४८ आहे. ज्याची सर्व बिटे शून्य आहेत असे हे स्वतंत्र नियंत्रक चिन्ह असून ते दूरमुद्रकांच्या काळापासून चालत आलेले आहे. कागदी फितीवर मुळीच छिद्र न पाडता सोडलेली जागा म्हणजे हे चिन्ह. मजकुरात त्याला स्वतःचे असे काही काम नसल्यामुळे मजकुराचा अंत दाखविण्यास ते सोयीचे ठरले.

लांबी मोजण्यासाठी सी भाषेच्या प्रमाण संग्रहात स्ट्रलेन हे फंक्शन दिलेले आहे. त्याला मालेच्या पहिल्या बाइटाचा पत्ता द्यावयाचा. ते शून्य बाइट सापडेपर्यंत पुढे सरकते आणि वाटेत लागलेल्या बाइटांची संख्या परत करते. अंतिम शून्य या संख्येत धरले जात नाही. त्यामुळे वरील उदाहरणात स्ट्रलेनचे उत्तर ४ येते. साइझऑफ या दुसऱ्या साधनाचे उत्तर मात्र ५ येते, कारण ते मालेने व्यापलेली जागा सांगते व ही जागा आज्ञावलीचा अनुवाद होतानाच निश्चित झालेली असते. याच नावासाठी १०० बाइट राखून ठेवले असतील, तर साइझऑफचे उत्तर १०० आणि स्ट्रलेनचे पूर्ववत ४ येते. माला एखाद्या फंक्शनकडे सोपविली की त्या फंक्शनच्या हाती केवळ पत्ता पोहोचतो. तेथे साइझऑफ वापरल्यास पत्त्याचाच आकार, म्हणजे यंत्राच्या घडणीनुसार बहुधा ४ किंवा ८ हे उत्तर मिळते. नवशिक्या आज्ञावलीकारांच्या चुकांत ही चूक अग्रभागी आहे. तिची जोडीदार म्हणजे मालेची प्रत करण्यासाठी स्ट्रलेनच्या उत्तराइतकीच जागा मागणे व शेवटच्या शून्यासाठी लागणारा एक बाइट विसरणे. ही दुसरी चूक अनुभवी माणसांच्या हातूनही घडते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मजकुराचा शेवट कोठे आहे, हे यंत्रास सांगण्याच्या मुख्यतः दोन पद्धती आहेत. लांबी अगोदर सांगावयाची, किंवा शेवटी एखादी खूण ठेवावयाची. पहिली पद्धत जुनी आहे. १९५७ मध्ये उपलब्ध झालेल्या फोर्ट्रान भाषेत छापावयाचा मजकूर लिहिताना आधी त्यातील चिन्हांची संख्या, मग एच हे रोमन अक्षर व त्यानंतर मजकूर अशी रचना करावी लागे. छिद्रपत्रांचे प्रवर्तक हर्मन हॉलरिथ (१८६०–१९२९) यांच्या नावावरून हे अक्षर आले. येथे मोजणीचे काम माणसाकडे होते. बोटांवर मोजताना एखादे चिन्ह चुकले, की मजकुराचा शेवट आज्ञेत मिसळे किंवा आज्ञेचा काही भाग मजकुरात ओढला जाई.

सी भाषेची वंशावळ बीसीपीएल या भाषेपासून सुरू होते. मार्टिन रिचर्ड्स (१९४०– ) यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास तिची आखणी केली. बीसीपीएलमध्ये मालेच्या पहिल्या बाइटात लांबी लिहिलेली असे व त्यानंतर चिन्हे येत. लांबी मिळविण्यासाठी एकच बाइट वाचावा लागे. परंतु आठ बिटांत २५५ पेक्षा मोठी संख्या मावत नसल्यामुळे त्याहून लांब माला शक्य नव्हती. केनेथ टॉम्पसन (१९४३– ) यांनी न्यू जर्सी राज्यातील मरी हिल येथील बेल प्रयोगशाळेत १९६९–७० च्या सुमारास बीसीपीएलला काटछाट करून बी ही भाषा तयार केली. ज्या पीडीपी-७ संगणकावर हे काम चालले होते, त्याची स्मृती १८ बिटांच्या ८ हजार शब्दांची होती. एवढ्या अडचणीच्या जागेत अनुवादक साधन बसवावयाचे होते. बी भाषेत टॉम्पसन यांनी लांबीची नोंद काढून टाकली आणि मालेच्या अखेरीस एक खास चिन्ह ठेवण्याची पद्धत स्वीकारली. बी भाषेतील लेखनात हे चिन्ह तारका व ई हे अक्षर यांनी दाखविले जाई.

या बदलाची कारणे डेनिस रिची (१९४१–२०११) यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात सांगितली आहेत. आठ किंवा नऊ बिटांच्या जागेत लांबी ठेवल्याने पडणारी मर्यादा टाळणे हे एक कारण होते. दुसरे कारण अनुभवाचे होते : मालेत बदल होईल तसतशी लांबीची नोंद अद्ययावत ठेवण्यापेक्षा शेवटी खूण ठेवणे त्यांना अधिक सोयीचे वाटले. पीडीपी-७ च्या १८ बिटांच्या एका शब्दात नऊ बिटांची दोन चिन्हे मावत, यावरून नऊ बिटांच्या उल्लेखाचा उलगडा होतो. लांबीसाठी दोन बाइट राखले असते, तर मर्यादा ६५,५३५ वर गेली असती आणि त्या काळच्या कोणत्याही मालेस ती पुरली असती. मात्र दहा-वीस अक्षरांच्या असंख्य लहान मालांपैकी प्रत्येकीमागे एक बाइट अधिक खर्च झाला असता. १९७० मध्ये बेल प्रयोगशाळेत आलेल्या पीडीपी-११ संगणकाची संपूर्ण स्मृती २४ किलोबाइट होती व त्यांपैकी १६ किलोबाइट परिचालन प्रणालीनेच व्यापले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे एका बाइटाचे मोल कळते.

पीडीपी-११ मध्ये प्रत्येक बाइटास स्वतंत्र पत्ता होता. पीडीपी-७ मध्ये शब्दालाच पत्ता असल्यामुळे बी भाषेत एखादे चिन्ह वेगळे काढण्यासाठी फंक्शनचे साहाय्य घ्यावे लागे. नव्या यंत्रावर हा खटाटोप निरर्थक ठरला. रिची यांनी १९७१ पासून बी भाषेत चिन्हांसाठी स्वतंत्र प्रकार घातला आणि १९७३ च्या सुमारास सी भाषेची मूळ घडण पूर्ण झाली. मालेच्या शेवटची खूण आता शून्य बाइट ही झाली. पीडीपी-११ वर बाइट तपासून पत्ता एकाने वाढविणे हे काम एका आज्ञेत होई व शून्य आढळले की नाही, हे यंत्राच्या स्थितिदर्शक बिटांवरून आपोआप समजे. त्यामुळे लांबी मोजण्याचा गाभा दोन यांत्रिक आज्ञांत बसे. एकाने वाढविण्याची सी भाषेतील दोन अधिक चिन्हांची खूण या यंत्रावरून सुचली, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. पण ती खरी नाही. ती खूण बी भाषेत पीडीपी-११ येण्यापूर्वीच होती.

या घडणीतील आणखी एक निर्णय लांबीच्या दृष्टीने निर्णायक ठरला. सी भाषेत चिन्हांच्या सारणीचे नाव पदावलीत वापरले, की त्याचे रूपांतर पहिल्या घटकाच्या पत्त्यात होते. रिची यांच्या मते बीसीपीएलकडून सी भाषेकडे येताना ही पायरी सर्वांत महत्त्वाची होती. तिच्यामुळे भाषा सुटसुटीत झाली, पण त्याचबरोबर सारणीची मर्यादा सांगणारी माहिती फंक्शनच्या उंबरठ्यावरच गळून पडू लागली. मालेचा शेवट कोठे, या प्रश्नाचे उत्तर आता त्या एका शून्य बाइटाखेरीज कोणाजवळच उरले नाही. सुरक्षिततेच्या ज्या अडचणी पुढे उद्भवल्या, त्यांचे खापर बहुधा शून्य बाइटावर फोडले जाते. परंतु त्यांपैकी बऱ्याच अडचणींचे मूळ वस्तुतः या रूपांतरात आहे. पत्त्याबरोबर सारणीचा आकारही वाहून नेणारी रचना रिची यांनी १९९० मध्ये सुचविली होती. ती प्रमाण भाषेत आली नाही.

ब्रायन कर्निगन (१९४२– ) व रिची यांच्या १९७८ मधील सी भाषेवरील प्रसिद्ध ग्रंथात लांबी मोजण्याचे फंक्शन एकाहून अधिक रीतींनी लिहून दाखविले आहे. एका रीतीत क्रमांक वाढवीत सारणीचे घटक तपासले जातात. दुसरीत पत्ता पुढे सरकत जातो व सोबत मोजणी चालते. तिसऱ्या रीतीत मोजणी मुळीच करीत नाहीत. शून्य सापडलेल्या जागेच्या पत्त्यातून आरंभाचा पत्ता वजा करतात. या तीन-चार ओळींच्या उदाहरणावरून कित्येक पिढ्यांतील विद्यार्थी पत्त्यांचे गणित शिकले. अमेरिकेतील मानक संस्थेने १९८९ मध्ये व आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९९० मध्ये सी भाषेचे मानक स्वीकारले. त्यात स्ट्रलेनचे उत्तर चिन्हरहित पूर्णांकात असावे, असे ठरले. हे उत्तर ऋण असूच शकत नसल्यामुळे दोन लांबींच्या वजाबाकीत पहिली लहान असल्यास ऋण संख्येऐवजी एक प्रचंड धन संख्या हाती येते व तुलना फसते. मानकाने केलेली ही निवड तर्काला धरून आहे. तिच्यामुळे पुष्कळांची फसगत होते, ही गोष्ट वेगळी.

निक्लाउस विर्ट (१९३४–२०२४) यांच्या पास्काल भाषेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील आवृत्तीत लांबीचा बाइट आरंभी ठेवण्याची पद्धत वापरली गेली. त्यामुळे अशा मालांना पास्काल-माला असे नाव पडले. २५५ ही जुनी मर्यादा तिच्यासोबत परत आली.

वेग : लांबी मोजण्यास लागणारा वेळ लांबीच्या सम प्रमाणात वाढतो. एकदाच मोजावयाची असेल, तर ही बाब नगण्य आहे. परंतु मालेतील प्रत्येक चिन्हावर काही क्रिया करणाऱ्या आवर्तनाच्या अटीतच स्ट्रलेन लिहिले, तर प्रत्येक फेरीला संपूर्ण माला नव्याने मोजली जाते. एक हजार चिन्हांच्या मालेस सु. दहा लाख, तर एक लाख चिन्हांच्या मालेस सु. एक हजार कोटी तपासण्या लागतात. अनुवादक साधनास मालेत बदल होत नाही अशी खात्री पटली, तर ते ही पुनरावृत्ती स्वतःच टाळते. पण अशी खात्री नेहमीच पटते असे नाही. एका मालेस दुसरी जोडणाऱ्या स्ट्रकॅट या फंक्शनचीही तीच गत आहे. प्रत्येक जोडणीच्या वेळी ते आधीच्या मालेचा शेवट पुन्हा आरंभापासून शोधते. त्यामुळे अनेक तुकडे जोडून मोठा मजकूर तयार करताना काम उत्तरोत्तर मंदावत जाते.

हा दोष किती काळ लपून राहू शकतो, याचे उदाहरण २०२१ मध्ये उघडकीस आले. ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन हा २०१३ पासून चालू असलेला खेळ सुरू होण्यास काही संगणकांवर सहा मिनिटे लागत. एका खेळाडूने बाहेरून यंत्रभाषेचा माग काढून कारण शोधले. खेळ सुरू होताना सु. १० मेगाबाइट मजकुरातून ६३,००० वस्तूंची यादी वाचली जात होती. त्यासाठी वापरलेले प्रमाण संग्रहातील वाचक फंक्शन प्रत्येक मूल्य वाचताना आतल्या आत स्ट्रलेनला पाचारण करून उरलेला सर्व मजकूर शेवटपर्यंत मोजत असे. हा व आणखी एक दोष काढल्यावर लागणारा वेळ सु. ७० टक्क्यांनी घटला. कंपनीने नंतर अधिकृत दुरुस्ती प्रसिद्ध केली. आज्ञावलीत स्ट्रलेन हे नाव कोठेही लिहिलेले नसताना ते खर्च करवीत होते, ही यातील लक्षणीय गोष्ट.

मोजणीच जलद करण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. इंटेलच्या १९७८ मधील ८०८६ प्रक्रियकात विशिष्ट बाइट सापडेपर्यंत स्मृती चाळीत जाण्याची सोय होती. ॲलन मायक्रॉफ्ट यांनी १९८७ मध्ये मांडलेली युक्ती याहून चतुर आहे. चार बाइट एकाच ३२ बिटी संख्येच्या रूपात उचलावयाचे, त्या संख्येतून प्रत्येक बाइटात १ असलेली संख्या वजा करावयाची, मूळ संख्येतील बिटे उलटवून त्यांच्याशी तिचा छेद घ्यावयाचा व प्रत्येक बाइटाचे सर्वांत वरचे बिट तपासावयाचे. चारांपैकी एखादा बाइट शून्य असेल, तरच यातील एखादे बिट १ उरते. अशा रीतीने एका दमात चार, ६४ बिटी यंत्रांवर आठ बाइट तपासले जातात. या पद्धतीत मालेच्या शेवटापलीकडील काही बाइट वाचले जातात. भाषेच्या नियमांनुसार हे वैध नाही. परंतु आकाराच्या पटीतील पत्त्यापासून वाचन केल्यास ते स्मृतीच्या पानाची सीमा कधीच ओलांडत नाही, म्हणून प्रत्यक्षात अपाय होत नाही. प्रमाण संग्रहाचे कर्ते स्वतः असे नियम मोडतात व इतरांना मनाई करतात.

सुरक्षितता : शून्य बाइट जागेवर नसेल तर काय होते, या प्रश्नाला सी भाषेच्या मानकाचे उत्तर एवढेच आहे, की वर्तन अनिश्चित असते. स्ट्रलेन पुढील स्मृतीत कोठेतरी योगायोगाने शून्य भेटेपर्यंत चालत राहते. स्ट्रकॉपी हे प्रत करणारे फंक्शनही लक्ष्यस्थानी जागा किती आहे, याचा विचार न करता शून्यापर्यंतचे सर्व बाइट ओतीत जाते. त्याला ती जागा सांगण्याची सोयच नाही. जागा संपली, की शेजारची माहिती पुसली जाते. या शेजारी बहुधा फंक्शन संपल्यावर कोठे परतावयाचे, तो पत्ता असतो. तेथे हवा तो पत्ता लिहिता आला, तर परकी आज्ञावली दुसऱ्याच्या यंत्रावर चालविता येते.

ही शक्यता २ नोव्हेंबर १९८८ रोजी प्रत्यक्षात आली. रॉबर्ट टॅपन मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्याने सोडलेली स्वतःच्या प्रती काढणारी आज्ञावली इंटरनेटला जोडलेल्या संगणकांत पसरली. बाधित संगणकांची संख्या सु. ६,००० असल्याचा अंदाज तेव्हा वर्तविला गेला. तिने योजलेल्या मार्गांपैकी एक असा होता : वापरकर्त्यांची माहिती देणारी फिंगर ही सेवा आलेली ओळ ५१२ बाइटांच्या जागेत गेट्स या फंक्शनने वाचत असे. हे फंक्शन ओळ संपेपर्यंत वाचते, जागा संपेपर्यंत नव्हे. त्याला ५३६ बाइट पाठविले गेले. त्याच महिन्यात पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकीय आणीबाणीच्या निवारणासाठी समन्वय केंद्र स्थापन झाले. गेट्स फंक्शन मात्र प्रमाण भाषेतून २०११ च्या मानकापर्यंत हद्दपार झाले नाही.

दुरुस्तीचे उपायही निर्दोष ठरले नाहीत. स्ट्रएनकॉपी हे फंक्शन मर्यादा घालणारे असल्यामुळे सुरक्षित समजून सर्रास वापरले गेले. वास्तविक ते जुन्या युनिक्समधील निर्देशिकेच्या नोंदींसाठी तयार झाले होते. त्या नोंदीत फाइलच्या नावास नेमके १४ बाइट दिलेले असत. नाव लहान असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरावयाची आणि पूर्ण १४ बाइटांचे असेल तर शून्य ठेवावयाचेच नाही, असा संकेत होता. साहजिकच मजकूर मर्यादेइतका किंवा तिच्याहून लांब असेल, तर स्ट्रएनकॉपी शेवटची खूण न ठेवताच परतते व पुढील स्ट्रलेन भरकटते. ओपनबीएसडी प्रणालीत १९९८ मध्ये आलेले स्ट्रएलकॉपी हे फंक्शन खूण अवश्य ठेवते आणि मूळ मालेची लांबी परत करून मजकूर कापला गेला की काय, हेही कळविते. लिनक्सवर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या जीएनयू संग्रहात त्याचा समावेश होण्यास २०२३ हे वर्ष उजाडले.

एकच माला दोन आज्ञावल्यांनी दोन पद्धतींनी मोजली म्हणजे वेगळ्याच प्रकारचा घोटाळा संभवतो. इंटरनेटवरील संकेतस्थळांची ओळख पटविणाऱ्या प्रमाणपत्रांत नावाची लांबी आरंभी दिलेली असते. त्यामुळे नावाच्या पोटात शून्य बाइट असण्यास तांत्रिक आडकाठी नव्हती. प्रमाणपत्र देणारी संस्था पूर्ण नाव वाची व त्याच्या अखेरच्या भागाचा मालक अर्ज करीत आहे, असे पाहून प्रमाणपत्र देई. सी भाषेत लिहिलेला वापरकर्त्याचा न्याहाळक मात्र शून्यापाशी थांबे आणि आधीचा भाग, उदा., एखाद्या बँकेचे नाव, हेच संपूर्ण नाव समजे. हा दोष २००९ मध्ये लास व्हेगास येथील परिषदेत जाहीरपणे दाखविला गेला.

या अनुभवांमुळे शून्यांत मालांची निवड ही संगणनाच्या इतिहासातील सर्वांत महागडी एका बाइटाची चूक होय, असे मत पाउल-हेनिंग काम्प यांनी २०११ मध्ये मांडले. हे मत लक्षवेधी असले, तरी पूर्णतः स्वीकारता येत नाही. लांबी सोबत असली, तरी ती खरी असल्याची हमी लागते. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या कूटलेखन संग्रहात आढळलेल्या हार्टब्लीड या दोषात शून्य बाइटाचा काहीच संबंध नव्हता. तेथे संदेशाची लांबी पाठविणाराच सांगत असे आणि ती न पडताळता तेवढे बाइट परत पाठविले जात. लहानसा संदेश पाठवून लांबी मोठी सांगितली, की एका वेळी ६४ किलोबाइटांपर्यंत परकी स्मृती हाती येई. रस्ट व गो या नंतरच्या भाषांत पत्ता व लांबी यांची जोडी भाषाच सांभाळते आणि प्रत्येक वापराच्या वेळी मर्यादा तपासते. तेथील संरक्षण या तपासणीतून मिळते. नुसत्या नोंदीतून ते मिळाले नसते.

बाइट आणि अक्षर : एक चिन्ह म्हणजे एक बाइट, हे गृहीत धरूनच स्ट्रलेनची रचना झाली होती. इंग्रजीपुरते ते खरे होते. भारतीय लिपींसाठी इस्की ही आठ बिटी संकेतावली तयार झाली व १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्या विकासाचे काम कानपूरच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत सुरू होऊन पुढे पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रात चालू राहिले. इस्कीत आस्कीची १२८ चिन्हे तशीच ठेवून वरच्या अर्ध्या भागात भारतीय वर्ण बसविलेले असल्यामुळे शून्य बाइटाला धक्का लागला नाही आणि सी भाषेतील आज्ञावल्या देवनागरीवरही चालल्या. विश्वकोश हा शब्द इस्कीत आठ बाइटांचा होतो : व, इकार, श, हलन्त, व, क, ओकार, श. स्ट्रलेनचे उत्तर ८ येते. वाचणाऱ्याला मात्र वि, श्व, को, श ही चारच अक्षरे दिसतात.

जगातील सर्व लिपींसाठी १९९१ पासून युनिकोड ही संकेतावली आली. तिचा देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८ मधील मसुद्यावर आधारलेला आहे. युनिकोडचे संकेत दोन-दोन बाइटांत लिहिले, तर रोमन अक्षरांच्या जोडीतील एक बाइट शून्य होतो. अशी माला स्ट्रलेनला दिल्यास ते पहिल्याच अक्षरापाशी थांबते. ही अडचण सोडविणारी यूटीएफ-८ ही पद्धत टॉम्पसन यांनीच रॉब पाइक यांच्यासमवेत सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात बसून आखली. बी भाषेत लांबीची नोंद काढून टाकल्याला तेव्हा दोन दशके लोटली होती. या पद्धतीत आस्की चिन्हे एका बाइटात राहतात, इतर संकेत दोन किंवा अधिक बाइटांत विभागले जातात आणि त्यांतील कोणताही बाइट शून्य नसतो. जुन्या आज्ञावल्या यामुळे न बदलता वापरता आल्या. त्यांनी सांगितलेल्या लांबीचा अर्थ मात्र बदलला.

देवनागरीचा प्रत्येक संकेत यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो. त्यामुळे विश्वकोश या शब्दाची स्ट्रलेनप्रमाणे लांबी २४ येते. सी भाषेतील बहुबाइटी चिन्हांची फंक्शने वापरून संकेत मोजल्यास ती ८ येते. वाचकाच्या दृष्टीने अखंड वाटणाऱ्या अक्षरांची सीमा ठरविण्याचे नियम युनिकोड संघाने स्वतंत्रपणे दिले आहेत. त्यांनुसार या शब्दाची अक्षरे बराच काळ पाच भरत, कारण हलन्तापाशी श्व हे जोडाक्षर तुटत असे. सप्टेंबर २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत जोडाक्षरांसाठी नियम घातला गेला, तेव्हा ही संख्या चार झाली. सी भाषेच्या प्रमाण संग्रहात या शेवटच्या मोजणीसाठी कोणतेही फंक्शन नाही. त्यासाठी बाहेरचे संग्रह वापरावे लागतात. एखाद्या नोंदीत नावासाठी २० बाइट राखलेले असतील, तर त्यात रोमन लिपीतील १९ अक्षरे व अंतिम शून्य बसते. देवनागरीचे सहा संकेत मात्र १८ बाइटांत संपतात. त्यापुढे एकच बाइट उरतो व लांबी नुसती बाइटांनी मोजून मजकूर कापल्यास सातव्या संकेताचा पहिला बाइट तेवढा तेथे अडकून राहतो. पडद्यावर त्या जागी अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह असलेला काळा चौकट-आकार उमटतो.